बॅच शेड्यूलिंग: अल्गोरिदम शेवटी, आधी चेंजओव्हरचा तक्ता

बॅच शेड्यूलिंग म्हणजे कुठला जॉब मशीनवर कधी घ्यायचा तो क्रम लावणं. प्लॅनिंगमध्ये नवीन आलेली पोरं त्यात परत परत एकच चूक करतात म्हणून हे लिहितोय. पायथन येतं, कुठेतरी जेनेटिक अल्गोरिदम (अनेक उत्तरं एकमेकांत मिसळून सुधारत जायची पद्धत) वाचलेला असतो, मग पहिल्याच दिवशी कोड लिहायला बसतात. आठवड्याने सुंदर रंगीत गँट चार्ट (कुठला जॉब कधी ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) तयार होतो आणि सुपरवायझर तो दोन तासांत बाजूला ठेवतो. माझंही पहिल्या वेळी हेच झालं. मी जिग (पार्ट टांगायच्या फ्रेम) किती आहेत तेच मोजलं नव्हतं, शेड्यूलमध्ये एकाच वेळी तीन जॉबना तेच जिग लावलेले होते. अल्गोरिदम बरोबर होता, बाकी सगळं चुकलेलं.

उदाहरण एका पावडर कोटिंगच्या शॉपचं घेतो, भोसरी-चाकण पट्ट्यात असतात तसं. पार्ट धुऊन फॉस्फेट करायचे सात टँक, पावडर मारायचा एक बूथ, आणि पावडर भाजायला ट्रॉली आत ढकलायचा ओव्हन. तुमच्याकडे पेंट मिक्सिंग असेल, मोल्डिंग असेल, गोळ्या बनवायचं मशीन असेल तरी पायऱ्या ह्याच, फक्त रंगाच्या जागी ग्रेड किंवा साचा धरा.

१. आधी ठरवा, कशासाठी करताय

मालकाला विचारलं तर तो म्हणणार सगळंच पाहिजे, वेळेत डिस्पॅच, कमी चेंजओव्हर (एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना साफसफाईत जाणारा वेळ), ओव्हरटाइम नको आणि शेडमध्ये माल पडून नको. ह्या गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. रंग एकत्र केले की चेंजओव्हर कमी होतो पण कुणाचा तरी माल लटकतो, आणि डेटप्रमाणे चालवलं की बूथ दिवसभर धूतच बसायचं.

म्हणून एक आकडा ठरवून घ्या: एक मिनिट उशीर म्हणजे किती मिनिटांच्या चेंजओव्हरइतकं नुकसान? आपण इथे ३ धरू. म्हणजे शेड्यूलचा खर्च = चेंजओव्हरची एकूण मिनिटं + ३ गुणिले उशिराची एकूण मिनिटं. ज्या कस्टमरची लाइन थांबते त्याला ३ ऐवजी १० द्या, ज्याचा माल दोन दिवस गोडाऊनला पडून राहणार आहे त्याला १ द्या. पण हा आकडा मालकासमोर बसून, त्याच्या तोंडून काढून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक शेड्यूलवर वाद होतो आणि वाद अल्गोरिदमशी नसतोच, ह्या आकड्याशी असतो.

तपासा: मागच्या आठवड्यातली दोन शेड्यूलं घ्या, मालकाला विचारा कुठलं बरं होतं. तुमच्या सूत्राने उलटं उत्तर आलं तर सूत्र चुकलंय, मालक नाही.

२. अडणारं मशीन एकच असतं, ते शोधा

सगळ्या स्टेजचं शेड्यूल एकदम करायला जाऊ नका. कुठल्या मशीनसमोर माल साठतो ते चार दिवस शेडमध्ये उभं राहून बघा. आमच्या उदाहरणात बूथ अडतो, टँक आणि ओव्हन त्याच्या मागेपुढे निभावून नेतात. क्रम बूथचा लावायचा, बाकीच्यांनी त्याच्या पाठी चालायचं.

इथे एक अट मात्र विसरू नका. लोखंडी पार्ट टँकमधून धुऊन फॉस्फेट होऊन वाळला की जास्त वेळ उघडा ठेवता येत नाही, गंजाची पिवळसर झाक धरतो आणि परत पहिल्या टँकपासून सुरुवात. म्हणजे टँकमधून बाहेर पडल्यावर बूथपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ चालतो हा आकडा डेटात हवाच. पावसाळ्यात हा वेळ अजून कमी होतो.

३. डेटा, आणि ह्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

खरं काम हे आहे. माझ्या मते दहा दिवसांपैकी सहा दिवस इथे गेले पाहिजेत.

चेंजओव्हरचा तक्ता बनवा. डाव्या बाजूला आधीचा रंग, वर नंतरचा रंग, आत मिनिटं. आमच्या उदाहरणाचा तक्ता असा:

पांढऱ्यावरून: पिवळा २०, राखाडी १५, काळा १०.
पिवळ्यावरून: पांढरा ४०, राखाडी २०, काळा १०.
राखाडीवरून: पांढरा ३५, पिवळा ३०, काळा १०.
काळ्यावरून: पांढरा ६०, पिवळा ५०, राखाडी ३०.
तोच रंग परत: ०.

बघा, पांढऱ्यावरून काळा १० मिनिटं आणि काळ्यावरून पांढरा ६०. पांढऱ्याचा एखादा कण काळ्यात गेला तर सहसा निभावतं, काळ्याचा एक कण पांढऱ्यावर बसला की पार्ट रिजेक्ट, म्हणून बूथ, गन, होस, हॉपर सगळं उघडून हवा मारावी लागते. बरेच जण "सरासरी २५ मिनिटं धरा" म्हणतात. सरासरी धरली की क्रमाला काही अर्थच उरत नाही, कुठलाही क्रम लावला तरी फरक फक्त किती वेळा रंग बदलला एवढाच राहतो. अख्खा फायदा त्या १० आणि ६० च्या फरकात आहे.

वेळ कोणाला विचारू नका, मोजा. ऑपरेटर सांगतो त्यात त्याचा चहा धरलेला असतो, सुपरवायझर सांगतो त्यात नसतो. शेवटचा चांगला पार्ट बूथमधून निघाल्यापासून पुढच्या रंगाचा पहिला चांगला पार्ट निघेपर्यंत, घड्याळ लावून, प्रत्येक जोडीचं निदान तीन-चार वेळा.

ह्याशिवाय लागतं ते: प्रत्येक जॉबचा बूथवरचा वेळ, डिस्पॅचची वेळ (तारीख नाही, वेळ, कारण गाडी दुपारी १ ला निघणार असेल तर संध्याकाळी माल होऊन उपयोग नाही), माल आत कधी येणार, कुठले जिग आणि किती, पावडर स्टॉकमध्ये आहे का. आणि बूथमध्ये आत्ता कुठला रंग आहे! हे सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं. सकाळी ८ ला बूथ रिकामा नसतो, काल रात्रीचा रंग त्यात बसलेला असतो.

सावध: तुमच्या भागात गुरुवारी वीज बंद असेल आणि त्याच दिवशी सुट्टी असेल तर कॅलेंडरमध्ये गुरुवार आधी काढा. हसू नका, मी रविवार सुट्टीचा धरून केलेलं शेड्यूल पाहिलंय.

४. बॅच केवढी, हे क्रमाच्या आधी

५०० पार्टची ऑर्डर आहे, आज २०० ची गाडी जाते, बाकी परवा. ही एक बॅच की दोन? अल्गोरिदम हे आपोआप सांगत नाही, तुम्ही जॉब म्हणून जे देता त्याचाच तो क्रम लावतो. साधा नियम: आधी एकत्र ठेवा, आणि तोडल्याशिवाय पहिली गाडी चुकत असेल तेव्हाच तोडा. तोडलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक चेंजओव्हर वाढू शकतो. उलट टोकही चुकीचंच, महिन्याभराचा काळा एकदम मारून ठेवला की ट्रॉल्या अडकतात आणि रॅकवर माल ओरखडे खात पडतो.

ओव्हनची गोष्ट वेगळी. तिथे एका वेळी अनेक जॉब एकत्र जातात आणि आतल्या सगळ्यात हट्टी पार्टला लागेल तेवढा वेळ सगळ्यांना. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं पण तेच. समजा भट्टीत ४ लोड मावतात आणि लागणारे तास आहेत ६, ३, २, २, ६, ५, ३, २. आले त्या क्रमाने भरलं तर पहिली भट्टी ६ तास, दुसरी पण ६, एकूण १२. मोठ्यापासून लहान असं लावून भरलं तर पहिलीत ६, ६, ५, ३ आणि दुसरीत ३, २, २, २, म्हणजे ६ आणि ३, एकूण ९ तास. सगळा माल हातात असेल, तापमान एकच असेल आणि प्रत्येक लोडला सारखीच जागा लागत असेल तर एकूण वेळेसाठी ह्यापेक्षा चांगलं होत नाही, कुठलाही सॉल्व्हर नको.

सावध: पावडरच्या डेटाशीटवर जे तापमान-वेळ लिहिलेलं असतं ते पार्टच्या मेटलचं असतं, ओव्हनच्या हवेचं नाही. जाड कास्टिंग आणि पातळ शीट एका ट्रॉलीत घातलं की एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं करपून पिवळं पडतं. अशा जोड्या एकत्र येऊ नयेत ही अट स्पष्ट लिहा.

५. पहिलं शेड्यूल हाताने, डेटप्रमाणे

आता आजचे सहा जॉब. सुरुवात ८ ला, बूथमध्ये काळा, जेवण आळीपाळीने म्हणून लाइन थांबत नाही.

अ: पांढरा, ९० मिनिटं, गाडी १ वाजता.
ब: काळा, ६० मिनिटं, १०:३०.
क: राखाडी, ८० मिनिटं, २ वाजता.
ड: पांढरा, ७० मिनिटं, ४ वाजता.
इ: पिवळा, ५० मिनिटं, ३:३०.
फ: काळा, १०० मिनिटं, ५:३०.

ज्याची गाडी आधी त्याचा माल आधी: ब, अ, क, इ, ड, फ. चेंजओव्हर ६०, १५, ३०, ४०, १०, मिळून १५५ मिनिटं. ड संपतो ४:१५ ला, १५ मिनिटं उशीर. फ संपतो ६:०५ ला, ३५ मिनिटं उशीर. खर्च १५५ + ३ × ५० = ३०५.

चेंजओव्हर नसता तर हा डेटप्रमाणे लावायचा नियम एका मशीनवर सगळ्यात मोठा उशीर कमीत कमी ठेवतोच. चेंजओव्हर आला की ती खात्री गेली. तरी सुरुवात ह्यानेच करा, तुलनेला काहीतरी लागतं.

आता उलटं टोक, सगळे रंग एकत्र. बहुतेक जण म्हणतात "फिकट ते गडद". पण बूथमध्ये काळा आहे, म्हणून दोन्ही काळे आधी मारून मग पांढरा, पिवळा, राखाडी असं गेलं तर चेंजओव्हर ६० + २० + २० = १००. तक्ता नीट बघितला तर काळ्यावरून आधी राखाडी, मग पांढरा, मग पिवळा: ३० + ३५ + २० = ८५. फिकट-ते-गडद हा नियम आहे, कायदा नाही. पण ह्या ८५ वाल्या क्रमात, म्हणजे ब, फ, क, अ, ड, इ मध्ये, अ ला ९५ मिनिटं उशीर आणि इ ला ८५. खर्च ८५ + ५४० = ६२५. बूथवाला खूश, डिस्पॅचवाला डोक्याला हात लावून.

६. अदलाबदल करून सुधारा

डेटप्रमाणेच्या क्रमापासून सुरू करा. दोन जॉबची जागा बदलून बघा, खर्च कमी झाला तर ठेवा, नाही तर परत जागेवर. एवढंच.

पहिली चाल: अ आणि क बदला. ब, क, अ, इ, ड, फ. काळ्यावरून राखाडी ३०, राखाडीवरून पांढरा ३५, मग २०, ४०, १०, एकूण १३५. आता फक्त फ ला १५ मिनिटं उशीर. खर्च १८०.

दुसरी चाल: इ आणि ड बदला. ब, क, अ, ड, इ, फ. दोन्ही पांढरे पाठोपाठ आले. चेंजओव्हर ३० + ३५ + ० + २० + १० = ९५. वेळा मांडू:

ब ८:०० ते ९:००
क ९:३० ते १०:५०
अ ११:२५ ते १२:५५
ड १२:५५ ते २:०५
इ २:२५ ते ३:१५
फ ३:२५ ते ५:०५

कुणालाच उशीर नाही, खर्च ९५, आणि दिवस डेटप्रमाणेच्या क्रमापेक्षा एक तास आधी संपला. काळे दोन्ही एकत्र नाहीत, एक सकाळी एक शेवटी, हे आपल्याला हाताने सहजी सुचत नाही. सहा जॉबचे ७२० क्रम होतात, सगळे तपासले तरी ह्या तक्त्याला आणि ह्या खर्चाला हाच सगळ्यात चांगला.

पण अ कडे बघा. १२:५५ ला संपतो आणि गाडी १ ला. पाच मिनिटं! एक गन चोक झाली की गेली गाडी. कागदावर शून्य उशीर म्हणजे जमिनीवर शून्य उशीर असं धरू नका. शिवाय बूथनंतर ओव्हन आणि पॅकिंगही आहे, म्हणून आपण जी वेळ गाडीची म्हणतोय ती खरं तर तो वेळ वजा करून डेटात टाकलेली पाहिजे.

तपासा: खर्च काढायचं फंक्शन पहिल्यांदा हाताने केलेल्या तीन क्रमांवर चालवून बघा. इथले ३०५, ६२५ आणि ९५ आले पाहिजेत. हे न करता पुढे गेलात तर चुकीचा खर्च अगदी मन लावून कमी करत बसाल.

नुसत्या शेजारशेजारच्या अदलाबदलीवर थांबू नका. एक जॉब उचलून दुसऱ्या कुठल्याही जागी घालणं ही चालसुद्धा द्या, आणि एका रंगाचा अख्खा गट उचलून हलवणं पण. रंगाच्या कामात ही गटवाली चाल फार उपयोगी पडते, कारण दोन पांढऱ्यांमधला एकच हलवला की आधी खर्च वाढतो आणि कोड घाबरून मागे येतो.

७. अडकला तर सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग

१५ जॉब झाले की क्रम होतात साधारण १ लाख ३० हजार कोटी, सगळे तपासणं विसरा. आणि अदलाबदल करत गेलं की कधीकधी अशा जागी अडकतं जिथून कुठलीही एक चाल वाईटच दिसते. मग थोडं वाईट स्वीकारायला शिकवायचं, सुरुवातीला जास्त आणि टेम्परेचर नावाचा आकडा उतरवत हळूहळू कमी, हेच सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग. खर्च २० ने वाढत असेल आणि टेम्परेचर ३० असेल तर ती चाल जवळपास निम्म्या वेळा स्वीकारली जाते, टेम्परेचर ५ वर आलं की १०० मध्ये २ वेळा. सूत्र: स्वीकारायची शक्यता = e^(−वाढ ÷ टेम्परेचर), e म्हणजे साधारण २.७१८. हे टेम्परेचर म्हणजे नुसता एक आकडा, ओव्हनशी संबंध नाही, एकाने खरंच विचारलं होतं.

चुका इथे तीनच होतात. सुरुवातीचं टेम्परेचर खर्चाच्या मापात नसतं, म्हणजे खर्च हजारांत आणि टेम्परेचर १, मग ते पहिल्यापासून थंडच. दुसरी, आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला क्रम वेगळा साठवून ठेवत नाहीत आणि शेवटी जिथे थांबलं तेच छापतात. तिसरी, एकदाच चालवतात. पाच वेगवेगळ्या सीडने (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो नंबर) चालवा, पाचही उत्तरं आसपास आली तर ठीक, नाहीतर अजून हळू थंड करा.

जेनेटिक अल्गोरिदम मी मुद्दाम सांगत नाहीये. एका बूथला त्याची गरज पडलेली मी बघितली नाही, सांभाळायचे आकडे मात्र दुप्पट.

८. अटी वाढल्या की सीपी-सॅट

दोन बूथ, जिगची संख्या, टँकनंतरची वेळमर्यादा, ऑपरेटरच्या शिफ्ट, एवढं सगळं आलं की अदलाबदलीच्या कोडला ठिगळं लावत बसू नका. गूगलचं ओआर-टूल्स फुकट आहे, त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर ह्यासाठीच बरा. क्रमाने असं करा:

पहिलं, सगळे वेळ पूर्णांकात, मिनिटांत. ह्याला दशांश चालत नाहीत. सेकंदात जायची गरज नसते, उगाच आकडे फुगतात.

दुसरं, प्रत्येक जॉबला एक इंटरव्हल: सुरुवात, लांबी, शेवट. एका बूथच्या सगळ्या इंटरव्हलवर नो-ओव्हरलॅप, म्हणजे दोन जॉब एकाच वेळी नकोत.

तिसरं, क्रमासाठी सर्किट, म्हणजे प्रत्येक ठिपक्यातून एकदाच जाणारा बंद फेरा. प्रत्येक जॉब एक ठिपका, आणि एक खोटा ठिपका शून्य नंबरचा. "अ नंतर लगेच क" हा एक हो-नाही बाण. बाण हो असेल तरच क ची सुरुवात अ चा शेवट अधिक चेंजओव्हर ह्याच्या आधी नको. शून्यावरून निघणाऱ्या बाणांवर बूथमधल्या सध्याच्या रंगाचा चेंजओव्हर टाका, इथेच तो काळा परत विसरला जातो. दोन बूथ असतील तर प्रत्येकाचं सर्किट वेगळं, आणि जो जॉब त्या बूथवर जात नाही त्याला स्वतःवरच परत येणारा बाण.

चौथं, उशीर म्हणजे शेवट वजा गाडीची वेळ, पण शून्याच्या खाली नाही. हे शून्याचं बंधन टाकायचं राहून गेलं तर सॉल्व्हर एक जॉब खूप लवकर करून दुसऱ्याचा उशीर भरून काढतो, हिशोबात बरोबर, गेटवर बोंब.

पाचवं, सहाव्या पायरीत काढलेला क्रम हिंट म्हणून द्या आणि वेळेची मर्यादा टाका, दोन मिनिटं, पाच मिनिटं.

तपासा: उत्तर आल्यावर स्टेटस वाचा. ऑप्टिमल म्हणजे सिद्ध झालं, फीझिबल म्हणजे वेळ संपेपर्यंत हे सापडलं, अजून चांगलं असू शकतं. खालची मर्यादा (ह्याहून कमी खर्च शक्यच नाही असा सॉल्व्हरने सिद्ध केलेला आकडा) पण छापा, ९५ चं उत्तर आणि मर्यादा ९० असेल तर बास करा, ४० असेल तर मॉडेल अजून ढिलं आहे. इनफीझिबल आलं तर अटी एकेक करून काढून बघा, उशिराला सक्त मनाई केलेली असेल तर दहातल्या आठ वेळा कुणीतरी गाडीची वेळ माल यायच्या आधीची टाकलेली असते. म्हणूनच उशिराला सक्त मनाई करण्यापेक्षा दंड लावणं बरं, निदान उत्तर तरी मिळतं.

९. शेडमध्ये लावताना

पुढचे दोन-तीन तास गोठवा. नवीन अर्जंट जॉब आला म्हणून आत्ता जिगवर चढलेला माल उतरवायचा नाही. गोठवलेल्याच्या पुढचं सगळं परत चालवा, पण जुन्या क्रमापासून दूर गेल्याचा थोडा दंड खर्चात धरा, नाहीतर दर तासाला सगळा क्रम उलटापालटा होतो आणि पोरं कागद बघणंच सोडतात.

सुपरवायझरला गँट चार्ट देऊ नका. जॉब, रंग, जिग, सुरुवात, शेवट, अशा पाच रकान्यांचा एक कागद बूथजवळ लावा आणि सहावा रकाना रिकामा ठेवा, "खरं किती वाजता". तो रोज संध्याकाळी भरून परत आला पाहिजे. काळ्यावरून पांढरा ६० धरलाय आणि कागदावर आठवडाभर ७५ येतोय, तर तक्ता बदला. आणि सुपरवायझरने क्रम मोडला तर भांडायच्या आधी का ते विचारा, बहुतेक वेळा तुम्हाला माहीत नसलेली एक अट बाहेर येते, आमच्याकडे ती निघाली होती पिवळ्याची: त्याची पावडर सकाळच्या दमट हवेत गाठी धरते म्हणून तो दुपारच्या आधी घेतच नाहीत. डेटात कुठेच नव्हतं.